जीपचे ब्रेक : ड्रम ठेवावेत की डिस्क बसवावी?

नाशिक जिल्ह्यात जीपगाडी पाहिली नाही असा माणूस सापडायचा नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ती मजूर नेते, औषधाचे पंप नेते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात ती बाजाराला जाणारी माणसे नेते. नांदुरीहून सप्तशृंग गडावर भाविकांना नेते. आपल्यापैकी कोणी ती चालवतो, कोणी दुरुस्त करतो, आणि बाकीचे सगळे तिच्यात बसतो.

१९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जुळवायला सुरुवात केली. पुढे याच कंपनीचा मोठा कारखाना आपल्या नाशिकला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. जुन्या जीपगाड्या अजून कितीतरी घरांत आहेत. इंजिन बदलले, टप बदलला, रंग तीनदा दिला, पण गाडी तीच. आणि पुष्कळ वेळा ब्रेकही तेच.

अलीकडे गॅरेजात एक वाक्य वारंवार ऐकू येते. "मागचे ड्रम काढा, डिस्क टाका. गाडी जागच्या जागी उभी राहील." हे खरे आहे का? अर्धे खरे आहे. पण अर्ध्या खऱ्यावर घाट उतरता येत नाही. म्हणून ड्रम म्हणजे काय, डिस्क म्हणजे काय, आणि मागच्या चाकाला डिस्क बसवायची तर आधी काय पाहावे, हे आपण या पाठात शिकू.

१. वेग जातो कुठे?

दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासा. गरम लागले ना? ब्रेकचे काम असेच चालते. धावत्या गाडीत जोर साठलेला असतो. ब्रेक एक वस्तू दुसरीवर घासतो आणि त्या जोराची उष्णता करतो. ती उष्णता हवेत निघून जाते. गाडी थांबते.

किती उष्णता होते? हिशेब करू. माणसांसकट १५०० किलो वजनाची जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. ती एकदा थांबवताना होणाऱ्या उष्णतेने एक लिटर पाणी सुमारे ५० अंशांनी तापेल. वेग निम्मा केला, म्हणजे ३० केला, तर उष्णता निम्मी होईल असे वाटते. तसे नाही. ती चौथा हिस्सा होते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे काम चौपट होते. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

आता घाटाचे पाहू. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना गाडी सुमारे ३०० मीटर खाली येते. हा सगळा उतार नुसत्या ब्रेकवर उतरायचा म्हटले, तर होणाऱ्या उष्णतेने १४ लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. एवढी उष्णता चार चाकांतल्या लोखंडाने सोसायची!

म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत, की ज्या गिअरवर चढ चढता त्याच गिअरवर उतार उतरा. मग गाडीला आवरण्याचे बरेचसे काम इंजिन करते आणि ब्रेक थंड राहतात. ड्रम असो, डिस्क असो, हा नियम दोघांनाही लागू आहे. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल-डिझेल वाचवणारा माणूस आपला सगळा भार ब्रेकवर टाकतो, हे त्याने ओळखावे.

२. पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो?

रंगपंचमीची पिचकारी आठवा. मागून दांडा दाबला की पुढून पाणी उडते. आता अशा दोन पिचकाऱ्या एका नळीने जोडल्या आहेत आणि आत तेल भरले आहे असे समजा. इकडचा दांडा दाबला की तिकडचा दांडा बाहेर येतो. तिकडची पिचकारी जाड असेल तर तिकडे जोर जास्त मिळतो, पण दांडा कमी सरकतो. बंद भांड्यातल्या पाण्यावर किंवा तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पास्कल नावाच्या विद्वानाने मांडला. आपल्या जीपचा ब्रेक याच नियमावर चालतो.

पेडलजवळच्या पिचकारीला मास्टर सिलिंडर म्हणतात. चाकाजवळच्या पिचकारीला व्हील सिलिंडर म्हणतात. मधल्या नळीतले तेल म्हणजे ब्रेक ऑइल. तेल दाबून लहान होत नाही. हवा मात्र दाबली की लहान होते. म्हणून नळीत हवा शिरली की पेडल स्पंजासारखे मऊ लागते. पाय खाली जातो आणि चाकाला जोर पोचतच नाही.

३. ड्रम ब्रेक

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू असतात. शूला लायनर चिकटवलेले किंवा रिबिटने ठोकलेले असते. पेडल दाबले की व्हील सिलिंडर दोन्ही शू बाहेर ढकलतो. लायनर ड्रमच्या आतल्या बाजूला घासते.

ड्रममध्ये एक गंमत आहे. दोनपैकी एक शू असा बसवलेला असतो, की फिरता ड्रम त्याला स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो. शू आणखी घट्ट बसतो. म्हणजे पायाने थोडा जोर दिला तरी ब्रेक जास्त लागतो. हा ड्रमचा मोठा गुण. बूस्टर नसलेल्या जुन्या जीपगाड्या याच गुणावर चालल्या.

आता दोष पाहू. ड्रम बंद डबा आहे. आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लोखंड तापले की फुगते. ड्रम फुगला की शूपासून दूर जातो, आणि पेडल जास्त खाली जाते. लायनरही फार तापले की धरेनासे होते. घाटात एकसारखा ब्रेक दाबून "ब्रेक गेला" असे माणूस ओरडतो, तेव्हा पुष्कळ वेळा काहीच तुटलेले नसते. ब्रेक तापून थकलेला असतो.

दुसरा दोष पाण्याचा. पावसाळ्यात ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी आणि चिखल जातो. ओले लायनर सरकते. त्यानंतर पहिल्यांदा पेडल दाबाल तर गाडी थांबेलच असे नाही. म्हणून ओढा ओलांडल्यावर थोडे अंतर हळू चालावे आणि पेडल हलके हलके दाबत लायनर सुकवावे. मगच वेग घ्यावा.

४. डिस्क ब्रेक

सायकल सर्वांनी पाहिली आहे. हातातला ब्रेक दाबला की दोन रबर चाकाची रिंग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्क ब्रेक म्हणजे हीच चिमटी. चाकाबरोबर एक जाड लोखंडी थाळी फिरते. ती डिस्क. तिच्यावर घोड्यासारखी बसलेली असते ती कॅलिपर. कॅलिपरमध्ये दोन पॅड असतात. तेलाचा दाब आला की पॅड थाळीला दोन्हीकडून पकडतात.

डिस्कची कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या लँचेस्टर नावाच्या इंजिनिअराने १९०२ सालीच तिचा हक्क नोंदवला होता. पण तिचे नाव गाजले १९५३ साली. त्या वर्षी फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची मोटारशर्यत जग्वार गाडीने जिंकली आणि त्या गाडीला डिस्क ब्रेक होते. शर्यतीत पुन्हा पुन्हा जोराने ब्रेक लावावा लागतो. तिथे उघडी थाळी वाऱ्याने लवकर थंड झाली.

डिस्कचे गुण असे. ती उघडी असते म्हणून उष्णता सोडते. तापून फुगली तरी पॅडपासून दूर जात नाही. पाणी तिच्यावर टिकत नाही, फिरताना उडून जाते. पॅड झिजले की डोळ्याने दिसते आणि बदलायला सोपे असतात.

दोषही आहेत. डिस्क पॅडला स्वतःकडे ओढून घेत नाही, म्हणून जास्त दाब लागतो. पायाचा जोर पुरत नाही, बूस्टर लागतो. चिखलातले खडे पॅड आणि थाळीच्या मध्ये शिरून चरे पाडतात. आणि हँडब्रेकची सोय डिस्कमध्ये ड्रमइतकी सोपी नसते.

५. मागच्या चाकांचा हिशेब

या पाठातली मुख्य गोष्ट आता येते.

एस. टी.त उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे कलंडतो. गाडीचेही तसेच होते. तिचा भार पुढच्या चाकांवर जातो. पुढची चाके जमिनीला घट्ट धरतात, मागची हलकी होतात. म्हणून थांबण्याचे मोठे काम पुढचे ब्रेक करतात. मागच्यांचे काम कमी.

हलक्या झालेल्या मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा जास्त ब्रेक लागला तर काय होईल? मागची चाके जाम होतील आणि घसरू लागतील. घसरणाऱ्या चाकाला आडवा आधार उरत नाही. मग गाडीची शेपटी बाजूला फिरते. ओल्या रस्त्यावर हे एका क्षणात होते. जुनी सीजे-३बी जीप तर आखूड. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच. आखूड आणि उंच गाडी फिरायला वेळ लागत नाही. घाटात एका बाजूला दरी असते, हे सांगायला नको.

आता गॅरेजातले ते वाक्य पुन्हा आठवा. पुढे जुने ड्रम तसेच ठेवायचे आणि मागे दुसऱ्या गाडीची डिस्क टाकायची. ती कॅलिपर बहुधा दुसऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाची असते, म्हणजे मोठ्या कामासाठी केलेली. ती मागच्या हलक्या चाकांना पकडते. मैदानात गाडी झटकन थांबते आणि मालक खूष होतो. मग पावसाळा येतो.

कंपन्या काय करतात तेही पाहा. २०२० साली नाशिकच्या कारखान्यात नवी थार तयार होऊ लागली. तिच्या पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ही काटकसर तर आहेच, पण त्यात हिशेबही आहे. मागचे काम कमी असते, तिथे ड्रम पुरतो. हँडब्रेक सोपा होतो. बंद डब्यात खडे सहजी शिरत नाहीत.

मग मागे डिस्क कधीच बसवू नये का? तसे नाही. गाडी एकसारखी ओढ्यानाल्यांत आणि घाटात चालत असेल तर मागची डिस्क उपयोगाची आहे. पण क्रम चुकवू नये. आधी आहे ते ब्रेक नीट करावेत. मग पुढे डिस्क बसवावी. त्यानंतर मागचा विचार. मालक म्हणाला, "मिस्त्री, मागे डिस्क टाका," तर मिस्त्रीने आधी विचारावे, "शेठ, पुढे काय आहे?" एवढा एक प्रश्न विचारणारा मिस्त्री चांगला समजावा.

६. बदल करायचाच तर

हे काम जाणत्या मिस्त्रीचे आहे. पण मालकाला आणि हाताखाली शिकणाऱ्या पोरालाही त्यातल्या पायऱ्या ठाऊक असाव्यात.

पहिली पायरी, गाडी पक्की उभी करणे. जुन्या सीजे-३बीचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतो. तो गिअरपेटीच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवरच्या छोट्या ड्रमवर असतो. म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचलले की तो हँडब्रेक गाडीला धरू शकत नाही. उचललेले चाक मोकळे फिरते आणि गाडी सरकते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नका. पक्के स्टँड लावा.

दुसरी पायरी, मापे. चाकाच्या रिंगमध्ये कॅलिपर मावते का? चाक हाताने फिरवून पाहावे, कुठे घासते का. चाकाचे बोल्ट डिस्कच्या भोकांशी जुळतात का? भोक ओढूनताणून मोठे करू नये.

तिसरी पायरी, ब्रॅकेट. कॅलिपर एक्सलवर धरायला जाड लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट लागतो. ब्रेक लागताना सगळा झटका हा ब्रॅकेट सोसतो. तो वेल्डिंगच्या ठिगळाने करू नये. सातपूर-अंबडला यंत्रावर काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. माप देऊन एका अखंड पट्टीतून तो करून घ्यावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ते वाचून घ्यावेत. ज्याच्या डोक्यावर काहीच लिहिलेले नाही असा बोल्ट ब्रेकला लावू नये.

चौथी पायरी, शिम. जुन्या जीपच्या मागच्या एक्सलवर बॅक प्लेटजवळ पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्यांना शिम म्हणतात. बेअरिंगला किती खेळ ठेवायचा हे त्या ठरवतात. बॅक प्लेट काढून वेगळ्या जाडीचा ब्रॅकेट बसवला की हा खेळ बदलतो. बेअरिंग फार घट्ट झाले तर जळते, फार सैल राहिले तर चाक डुगडुगते. म्हणून खेळ पुन्हा मोजून शिम लावाव्या लागतात. घाईत ही पायरी हमखास विसरली जाते.

पाचवी पायरी, मास्टर सिलिंडर. ड्रमच्या मास्टर सिलिंडरबरोबर एक लहान व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो नळीत चौरस इंचाला सुमारे १० पौंड दाब राखून ठेवतो. डिस्कला एवढा दाब राहिला तर पॅड सुटतच नाहीत. ते घासत राहतात आणि तापतात. म्हणून डिस्कच्या नळीत तो व्हॉल्व्ह ठेवत नाहीत. पण जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खालच्या अंगाला असतो. तो कॅलिपरच्या खाली येत असेल तर तेल मागे उतरते. अशा वेळी सुमारे २ पौंड दाब राखणारा निराळा व्हॉल्व्ह लावतात.

याच वेळी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा हे उत्तम. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकाच खान्यातून तेल जाते. एक नळी फुटली की चारही चाके गेली. दुहेरीत पुढचे आणि मागचे तेल वेगळे असते. एक गेले तरी दुसरे राहते. आमच्या मते मागच्या डिस्कआधी पैसे यासाठी खर्चावेत.

सहावी पायरी, मागचा दाब कमी करणे. मागच्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात. पुढची चाके आधी जाम व्हावीत, मागची नंतर, अशा बेताने तो फिरवून ठेवायचा. हा व्हॉल्व्ह नसेल तर मागची डिस्क अपुरी समजावी.

सातवी पायरी, हवा काढणे. कॅलिपरला हवा काढायचा निपल असतो. तो वरच्या बाजूला आला पाहिजे, कारण हवा वर चढते. डावी कॅलिपर उजवीकडे बसली तर निपल खाली येतो. मग दिवसभर पेडल मारले तरी हवा निघत नाही. पेडल मऊच राहिले तर आधी हे पाहा.

आठवी पायरी, परीक्षा. ती मोकळ्या मैदानात, गाडीत एकटा ड्रायव्हर असताना घ्यावी. आधी ताशी २० च्या वेगाने, मग ४० ने. बाहेर उभ्या माणसाने कोणती चाके आधी जाम होतात ते पाहावे. मागची आधी झाली तर गाडी रस्त्यावर आणू नये. चार ब्रेक मारल्यावर डिस्कला हात लावू नका, भाजेल. पाण्याचे दोन थेंब टाका. एका बाजूला थेंब चर्र करून उडाला आणि दुसऱ्या बाजूला नुसता ओघळला, तर दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लागत नाही असे समजा.

७. डिस्क नाही म्हणून ब्रेक वाईट नव्हे

सगळ्यांना हा खर्च झेपणार नाही. झेपायलाच हवा असेही नाही. चांगले ठेवलेले ड्रम वाईट बसवलेल्या डिस्कपेक्षा कितीतरी बरे. ड्रम असे सांभाळा.

लायनर झिजले की शू आणि ड्रममधले अंतर वाढते. ते वेळोवेळी जुळवून घ्या. ड्रमला आतून चरे पडले तर लेथवर साफ करतात, पण किती मापापर्यंत कातायचे याला मर्यादा असते. पुष्कळ ड्रमवर ते माप कोरलेले असते. त्याच्या पलीकडे ड्रम पातळ होतो. तो टाकून द्यावा.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी शिरले की ते लवकर उकळते. बाटलीवर इंग्रजीत डी, ओ, टी ही तीन अक्षरे आणि एक आकडा असतो. डॉट ३ चे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले असले की ते १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते. वाफ हवेसारखी दबते आणि पेडल फळीला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी सगळे तेल बदला.

कमी पडले म्हणून इंजिन ऑइल, रॉकेल किंवा डिझेल ब्रेकमध्ये घालू नका. त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक अडकतो. एका घोटाने सगळे सिलिंडर निकामी होतात. दुकानदाराने दिलेली बाटली आपल्या डोळ्यांनी वाचून मगच ओता. तुम्हांला आता वाचता येते. त्याचा हा पहिला उपयोग.

आणखी एक. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुढे मोठे आजार होतात. ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारू नका. तोंडाने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा. तेथे काम करणाऱ्या पोरालाही हे सांगा. त्याचे उभे आयुष्य पुढे आहे.

८. कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत बदल करण्याबद्दल आहे. कंपनीने गाडी जशी बनवली त्याहून वेगळी, नोंदणीशी न जुळणारी अशी ती करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. म्हणून ब्रेकचा प्रकार बदलण्याआधी आर. टी. ओ.मध्ये अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर घ्यावे. नाशिकचे कार्यालय पेठ रस्त्यावर आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. "चालतंय हो, कोण बघतंय?" असे सांगणारा माणूस अपघातानंतर आपल्या शेजारी उभा राहत नाही. कागद उभा राहतो.

गॅरेजात एक वही ठेवावी. गाडीचा नंबर, तारीख, कोणता भाग बदलला, तेल कोणते घातले, एवढे चार रकाने पुरेत. मालकानेही आपल्या घरी अशीच वही ठेवावी. पुढच्या वेळी "मागे काय केलं होतं बरं?" असे विचारत बसावे लागत नाही.

जीपमध्ये मागे दोन बाकांवर समोरासमोर माणसे बसतात. बागेवरच्या बाया असतात, शाळेची पोरे असतात, गडावर निघालेल्या म्हाताऱ्या असतात. त्यांना ड्रम आणि डिस्क यांतला फरक ठाऊक नसतो. गाडी थांबेल एवढेच त्या धरून चालतात. तो भरवसा ड्रायव्हरने, मालकाने आणि मिस्त्रीने मिळून सांभाळायचा असतो. त्यासाठी चारही चाकांचा हिशेब एकत्र मांडा आणि मगच पान्याला हात घाला.

ध्यानात ठेवा

१. वेग दुप्पट, तर ब्रेकचे काम चौपट.
२. ज्या गिअरवर चढ, त्याच गिअरवर उतार.
३. आधी आहे ते ब्रेक नीट, मग पुढची डिस्क, मग मागची.
४. मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत.
५. बाटलीवरची आणि बोल्टवरची अक्षरे वाचल्याशिवाय काम करू नये.

शब्दांचे अर्थ

लायनर – ब्रेकच्या शूवरचा घासणारा थर.
कॅलिपर – डिस्कला पॅडने पकडणारी चिमटी.
बूस्टर – पायाचा जोर वाढवणारे साधन.
शिम – मधले अंतर जुळवणारी पातळ चकती.
जाम होणे – गाडी चालू असताना चाक फिरायचे थांबणे.

प्रश्न

१. घाटात ड्रम ब्रेक तापला की पेडल खाली का जाते?
२. ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली तर काय होते? पिचकारीचे उदाहरण देऊन सांगा.
३. पुढे ड्रम ठेवून फक्त मागे डिस्क बसवण्यात धोका कोणता?
४. मागचे एक चाक जॅकवर उचलले की जुन्या जीपचा हँडब्रेक गाडीला का धरत नाही?

करून पाहा

तुमच्या गावातल्या एका गाडीमालकाला विचारा, की ब्रेक ऑइल शेवटी कधी बदलले. उत्तर वहीत तारखेसह लिहा. त्याला तारीख आठवत नसेल, तर त्याच्यासाठी चार रकान्यांची वही तुम्हीच आखून द्या.